निवडुंग-सक्युलंटचा छंद आहे, आता गच्चीतून छोटी विक्री सुरू करावी म्हणते

सायली_पुणेकर

नमस्कार मंडळी,

इथे बागकामातले बरेच जाणकार आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुण्यात राहते, घराला लागून गच्ची आहे, ऊन भरपूर. जिम्नोकॅलिशियम, मॅमिलारिया, अ‍ॅस्ट्रोफायटम हे निवडुंग, हॉवर्थिया, थोड्या एचेवेरिया ही जाड पानांची सक्युलंट आणि काही फुगीर खोडाची अडेनियम असा पसारा वाढत गेलाय. ओळखीचे लोक रोपं मागतात, पैसे देऊन घ्यायलाही तयार असतात. नोकरी सोडायची नाही, मोठी नर्सरीही काढायची नाही. शनिवार-रविवार पुरेल एवढीच विक्री करावी असं मनात आहे.

घाऊक माल आणून विकावा की स्वतः वाढवावा? भाव कसा लावायचा? पावसाळ्यात काय करता? कुरिअरने रोपं धड पोचतात का? जीएसटी, परवाने वगैरे काही लागतं का? आणि मला सगळ्यात छळणारा प्रश्न म्हणजे, संग्रहातली जुनी, मोठी झाडं विकावीत का? येणारा माणूस नेमका त्यांच्यावरच बोट ठेवतो.

मंजिरी_ठाणे

छान धागा. मीही याच विचारात आहे, त्यामुळे प्रतिसाद वाचत राहीन.

यवतकर

सायलीताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळं गणित तिथेच आहे. जुनी झाडं विकू नका. चांगले पैसे मिळत असले तरी नाही.

कारण सांगतो. जिम्नोकॅलिशियम, अ‍ॅस्ट्रोफायटम आणि पुष्कळशा मॅमिलारिया स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. एकाच जातीची, वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली दोन झाडं एकाच वेळी फुलावर असावी लागतात. एकाच झाडाची पिल्लं (बुडाशी फुटलेली छोटी रोपं) तोडून वाढवलेली दोन झाडं या कामाची नाहीत, ती मुळात एकच झाड आहेत. म्हणजे तुमच्याकडे अ‍ॅस्ट्रोफायटम मिरिओस्टिग्माची दोन जुनी झाडं असतील आणि त्यातलं एक चांगला भाव आला म्हणून दिलंत, तर गेलं ते एक झाड नव्हे, दरवर्षी बी देणारी जोडी गेली. नवी जोडी बियांपासून फुलावर आणायला तीन-चार वर्षं जातात. माझ्याकडे मदर प्लांटच्या, म्हणजे पुढची रोपं करण्यासाठी राखलेल्या झाडाच्या, कुंडीला लाल टॅग असतो, त्या टॅगचं झाड कोणालाही मिळत नाही.

आधी प्रत्येक झाडासमोर लिहून काढा: याची वाढ कशाने होते? पिल्लं देतं, पानापासून होतं, बी लागतं की कलम करावं लागतं? ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते झाड तुमच्या आनंदासाठी ठेवा. विक्रीची यादी उरलेल्यांतून करायची.

आणून विकण्याबद्दल. कालिम्पाँगचा माल सुरेख असतो, तिकडे निवडुंगाच्या नर्सऱ्यांची जुनी परंपरा आहे. पण डोंगरावरच्या थंडीत वाढलेलं रोप आपल्या एप्रिलमध्ये टिकवणं वेगळं काम आहे, आणि आणलेल्या मालाबरोबर मुळांतला मिलीबग, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, येतो. तो वरून दिसत नाही. कुंडी उपटली की मुळांवर पांढरी पूड दिसते, तोच तो. बाहेरून आलेलं प्रत्येक रोप कुंडीतून काढायचं, मुळं धुवायची, सुकवायची, नव्या मिश्रणात लावायचं आणि महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवायचं. हे करायची तयारी नसेल तर घाऊक मालाच्या नादी लागू नका. तुमचा स्वतःचा संग्रहच धोक्यात येईल.

बियांचं थोडक्यात. पुण्यात मला फेब्रुवारी-मार्च आणि पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर हे दोन हंगाम मानवतात. मिश्रण चाळून, उकळत्या पाण्याने भिजवून, गार करून डब्यात भरायचं. बी पुरायचं नाही, वर नुसतं पसरायचं. पारदर्शक झाकण लावून उजेडात ठेवायचं, उन्हात नाही. ताजं बी असेल तर अ‍ॅस्ट्रोफायटम आठवड्याच्या आत उगवतं. पुढचा धोका मर रोगाचा, म्हणजे कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडण्याचा. एका कोपऱ्यात बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्याने उचलून टाका आणि बुरशीनाशक फवारा. झाकण हळूहळू काही आठवड्यांत काढायचं, एकदम नाही. पहिल्या वर्षी रोप सेंटिमीटरभर झालं तरी समाधान माना.

डोंबिवलीकर

यवतकर काका, पुण्यात एचेवेरिया छान होतात असं ऐकतो. आमच्याकडे डिसेंबरमध्ये आणलेली मेअखेर सडते. पाणी कमी करून पाहिलं, पंखा लावून पाहिला. मुंबईकडच्या माणसाने हा धंदा करूच नये का?

यवतकर

करावा, पण रोपं वेगळी निवडून. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्यासाठी त्यांना रात्र गार लागते. एचेवेरिया मूळची मेक्सिकोच्या उंच डोंगरांतली. मुंबई-ठाण्याला मेमध्ये रात्रीही उकडतं, हवा दमट असते, त्यामुळे झाडाचा श्वासच कोंडतो. पाणी दिलं तरी ते ओढून घेत नाही आणि ओल्या मातीत मूळ कुजतं. पंख्याने हवा खेळती राहते, रात्र गार होत नाही.

तुमच्याकडे सान्सेव्हिएरिया, गॅस्टेरिया, काही हॉवर्थिया, अडेनियम, युफोर्बिया मिली, रिप्सॅलिस अशी रोपं घ्या. सान्सेव्हिएरियाच्या बुटक्या जातींना फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडून कायम मागणी असते, आणि एका कुंडीतून वर्षभरात कितीतरी पिल्लं निघतात. मुंबईत एचेवेरिया विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला जेमतेम तीन महिने टिकणारं झाड विकणं. तो माणूस परत येत नाही.

दर्यावर्दी

रत्नागिरीहून लिहितोय. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे निवडुंग म्हटलं की लोक हसतात. पण अडेनियम आमच्या उकाड्यात जसं फुगतं तसं घाटावर फुगत नाही. माझा सगळा व्यवहार अडेनियमचाच आहे.

पहिली गोष्ट, हिरवी शेडनेट पाऊस अडवत नाही. नवीन माणसाचा इथे फार गोंधळ होतो. पावसासाठी वर २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद किंवा पॉलीकार्बोनेट पत्रा लागतो, चारी बाजू मोकळ्या ठेवायच्या. बाजू बंद केल्या तर आत घाम धरतो आणि बुरशी माजते.

अडेनियमच्या शेंगा जोडीने येतात, पिकल्या की उकलतात आणि बी रुईच्या म्हातारीसारखं वाऱ्यावर उडून जातं. शेंग तपकिरी व्हायला लागली की तिला दोऱ्याचे वेढे द्या किंवा जाळीची पिशवी बांधा. बी ताजंच पेरा. जुनं होत गेलं की उगवण झपाट्याने घसरते. बियांच्या रोपाचं फूल आईसारखं निघेलच असं नाही, म्हणून डबल पाकळ्यांचे आणि गडद रंगांचे प्रकार बियांच्या रोपावर कलम करून विकतात. कलम न केलेलं रोप विकताना फुलाचा रंग सांगू नका, "रंग नक्की नाही" असंच लेबल लावा. दर वेळी कुंडी बदलताना रोप थोडं वर उचलून लावलं की खोडाचा फुगलेला भाग दिसायला लागतो, आणि किंमत त्यालाच मिळते.

एक सांगायलाच हवं. अडेनियमचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांना लावण्यासाठी तो वापरला जायचा. युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर आहे का, हे मी गिऱ्हाइकाला विचारतो आणि असेल तर त्याला हॉवर्थिया देतो.

सायली_पुणेकर

खूप आभार, सगळ्यांचेच. यवतकर काका, लाल टॅग आजच लावते. कलमाबद्दल थोडं लिहाल का? मून कॅक्टसला मागणी खूप आहे.

यवतकर

मून कॅक्टस म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविचीचं हरितद्रव्य नसलेलं रूप. लाल, पिवळं, केशरी दिसतं, पण स्वतःचं अन्न करू शकत नाही, म्हणून आयुष्यभर दुसऱ्याच्या खोडावर. बाजारात ते बहुतेक ड्रॅगन फ्रूटच्या तिधारी खुंटावर असतं. तो खुंट झपाट्याने वाढतो, कलम पटकन धरतो, पण थंडी सोसत नाही आणि काही वर्षांत दमतो. गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगा. जास्त टिकाऊ कलम हवं असेल तर मिर्टिलोकॅक्टसचा खुंट घ्या.

कृती सोपी आहे, हात स्वच्छ हवा. पात्याला स्पिरिट लावून दोन्ही काप सपाट घ्यायचे. कापल्यावर मधोमध फिकट वलय दिसतं. वरच्याचं आणि खालच्याचं वलय निदान एका ठिकाणी एकमेकांवर यायला हवं, नाहीतर कलम धरत नाही. खुंटाच्या कडा थोड्या तिरक्या तासायच्या, म्हणजे सुकताना मध्यभाग खोल जात नाही. रबर बँड लावून आठवडाभर सावलीत, काप कोरडा ठेवून.

रोपांची वाढ वेगाने हवी असेल तर पेरेस्किऑप्सिस या झपाट्याने वाढणाऱ्या निवडुंगावर कोवळी रोपं कलम करतात. पण फुगवलेलं कलमी रोप आणि स्वतःच्या मुळांवर सावकाश वाढलेलं रोप यांचा घाट वेगळा दिसतो. जाणकार गिऱ्हाईक ते ओळखतो. लेबलवर "कलमी" की "स्वमूळ" हे लिहाच.

रानवेडी

वनस्पतिशास्त्र शिकवते. कायद्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

साइट्स हा धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. निवडुंग कुळ जवळजवळ संपूर्णच त्याच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, काही जाती जास्त कडक अशा परिशिष्ट १ मध्ये. भारत १९७६ पासून या करारात आहे. परदेशातून रोप मागवायचं तर साइट्सची कागदपत्रं, शिवाय २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी (रोप निरोगी असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. पाकिटातून गुपचूप येणारी रोपं बेकायदा आहेत, "सगळेच मागवतात" म्हणून ती कायदेशीर होत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती आल्यापासून साइट्सच्या याद्या आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आहेत, आणि परिशिष्ट १ मधल्या जातींची पैदास करणाऱ्याने राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास आणि एरिओकार्पस परिशिष्ट १ मध्ये येतात. सायली, तुमच्याकडे अ‍ॅस्टेरियास असेल तर विक्रीच्या यादीत धरण्याआधी वनविभागाकडे जाऊन या. मिरिओस्टिग्मा, ऑर्नाटम, कॅप्रिकॉर्न परिशिष्ट २ मध्ये आहेत, सुरुवात त्यांनी करा.

हे मी तळमळीने लिहितेय, कारण या छंदाने खरोखर रानं ओरबाडली आहेत. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी एका घरातून हजाराहून अधिक चिलीचे निवडुंग पकडले, बहुतेक कोपियापोआ. अटाकामाच्या वाळवंटात वाढलेली ती झाडं होती. त्यातली आठशेहून अधिक २०२१ मध्ये चिलीला परत पाठवण्यात आली. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम या बुटक्या सक्युलंटच्या बाबतीत हेच चाललं आहे. बियांपासून वाढवलेलं स्वस्त रोप बाजारात मुबलक असलं की रानातलं उपटण्याचं कारण कमी होतं. तुमच्यासारख्या लोकांनी धंदा करावा असं मला वाटतं ते याचसाठी.

घराजवळचंही सांगते. शिंदळ माकुडी ही सक्युलंट आपली महाराष्ट्रातली, फक्त इथलीच. शिवनेरीसारख्या काही किल्ल्यांच्या आणि सह्याद्रीच्या कड्यांवर मोजक्या ठिकाणी उरली आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया हे नाव मिळालं. चांदणीसारखं गर्द किरमिजी फूल, त्यावर पिवळे ठिपके. छाटाने सहज लागते, म्हणूनच लोक कड्यावरची फांदी तोडून आणतात. खर्चुडीचे कंद आणि माकडशिंगं या तिच्या रानातल्या नातेवाइकांचंही तसंच. कृपा करून ट्रेकला जाऊन यांतलं काहीही उचलू नका आणि उचललेलं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

यवतकर

रानवेडी ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला हवा होता. मिलीबगच्या निमित्ताने एक आठवलं. फड्या निवडुंग दक्षिण भारतात इतका माजला होता की १९२६ मध्ये श्रीलंकेहून कोचिनील जातीचा कीटक आणून सोडला, आणि त्याने मैलोन्‌मैल निवडुंग संपवला. कोचिनील हा मिलीबगचाच लांबचा नातेवाईक. एवढासा पांढरा ठिपका काय करू शकतो, हे यावरून ध्यानात घ्या आणि नव्या रोपांना वेगळं ठेवायचा कंटाळा करू नका.

हिशोबनीस

कराचं मी सांगते. जिवंत रोपांवर जीएसटीचा दर शून्य आहे. फक्त करमुक्त माल विकत असाल तर नोंदणी सक्तीची नाही. मात्र सिरॅमिकच्या कुंड्या, रंगीत खडी, तयार मिश्रणाच्या पिशव्या विकायला लागलात की तो माल करपात्र. राज्यातल्या राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे, पण करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर नोंदणी लागते. म्हणून पहिलं वर्षभर रोपंच विका.

प्राप्तिकराचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. २००८ च्या वित्त कायद्यापासून नर्सरीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीउत्पन्न मानलं जातं. आणून तशीच विकलेली रोपं यात बसत नाहीत, तो साधा व्यापारातला नफा. त्यामुळे वाढवलेली आणि आणलेली अशा दोन वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. पगार असल्यामुळे दर ठरवताना शेतीउत्पन्न मोजलं जातं, ते विवरणपत्रात दाखवायचं. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या.

आणि सोसायटी! लेखी परवानगी घ्या. मातीचं ओझं आणि खालच्या घरात गळती, या दोन गोष्टींवरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. कुंड्या जमिनीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे खालची फरशी झाडता येते.

सायली_पुणेकर

परिशिष्ट १ चं मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्याकडे दोन अ‍ॅस्टेरियास आहेत, ती विक्रीतून बाहेर. आता भावाचं कोणी सांगेल का? जवळच्या नर्सरीत छोटा निवडुंग ८० रुपयांना मिळतो.

यवतकर

त्या ८० रुपयांच्या मागे धावू नका. हिशोब मांडून दाखवतो, आकडे तुमचे तुम्ही बदला.

समजा अडीच इंची ५० कुंड्यांचा एक क्रेट. कुंडी, मिश्रण, लेबल, खत, औषध मिळून कुंडीमागे १५ रुपये, म्हणजे ७५०. बियांपासून विक्रीपर्यंत दीड वर्ष. त्यातली १० मरतात किंवा वेडीवाकडी होतात, उरतात ४०. म्हणजे साहित्याचाच खर्च रोपामागे सुमारे १९ रुपये. दीड वर्षात त्या क्रेटवर पेरणी, पुनर्लावणी, पाणी, फवारणी धरून २० तास गेले आणि तासाला फक्त १०० रुपये धरले, तर २००० रुपये, रोपामागे ५०. झाले ६९. अजून छप्पर, स्टँड, वीज-पाणी, पॅकिंग, प्रदर्शनाचा टेबल यातलं काहीच धरलेलं नाही. ८० ला विकलंत तर या सगळ्यासाठी रोपामागे उरतात फक्त ११ रुपये. १२०-१५० च्या खाली जाऊ नका, आणि तेवढे पैसे द्यावेसे वाटतील असं काहीतरी त्या कुंडीत असू द्या: नेमकं नाव, बियांचं वर्ष, स्वच्छ मुळं आणि काळजी कशी घ्यायची याची चिठ्ठी. बाजारात बहुतेक कुंड्यांवर नावच नसतं. संग्राहक नावासाठी पैसे देतो.

मिश्रणावरही उगाच खर्च नको. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) महाग पडतो. विटांचा चुरा, धुतलेली कच (दगडाची बारीक खडी), सिंडर (जळक्या कोळशाची खडी) आणि थोडं पालापाचोळ्याचं खत यात माझी रोपं उत्तम येतात. कच धुवून घ्या, तिची पूड राहिली तर मिश्रण सिमेंटसारखं बसतं.

अंबानगरी

अमरावतीहून. मी बहुतेक विक्री ऑनलाइन करते, म्हणून पॅकिंगचं सांगते.

कुंडीसकट पाठवू नका, मोकळ्या मुळांनी पाठवा. आधी चार-पाच दिवस पाणी बंद, मग रोप काढून माती झटकायची, मुळं सावलीत दोन दिवस सुकू द्यायची. काटेरी रोपाला आधी टिश्यू पेपर, मग वर्तमानपत्र. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, आत दमटपणा धरला की दोन दिवसांत रोप गळतं. खोका हलवून पाहायचा, आत काही हललं तर आणखी कागद भरायचा. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायचं, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहत नाही. आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून मी १५ एप्रिलनंतर पाऊस पडेपर्यंत पाठवणी बंद ठेवते. लोक आग्रह करतात, तरी नाही. कॅक्टस आठवडाभर खोक्यात आरामात राहतो, एचेवेरिया आणि सेडमची पानं मात्र झडतात, त्यामुळे ती फक्त हातोहात विकते.

खोका उघडताना व्हिडिओ काढायला सांगा आणि मोडकं रोप निघालं तर वाद न घालता दुसरं पाठवा.

साधा_माळी

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. हौस विकायला काढली की संध्याकाळी झाडांपाशी बसणं संपतं, ऑर्डरी मोजणं सुरू होतं. सायलीताई, याचा विचार केलात का?

दुसरं, बाजारात सध्या निवडुंगावर सुकी फुलं गरम गोंदाने चिकटवून विकतात, सक्युलंटवर निळा-जांभळा रंग फवारतात. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही, गोंदाने शेंडा जळतो. अशांशी भावात स्पर्धा करताना भला माणूसही घसरतो.

सायली_पुणेकर

साधा_माळी दादा, विचार केलाय. मला यातला सगळ्यात आवडता भाग उगवलेलं बी पाहण्याचा आहे, आणि इतकी रोपं घरात ठेवायला जागा नाही. विकली तरच पुढची पेरणी करता येईल. रंग आणि गोंद माझ्या गच्चीत येणार नाही, हे नक्की.

ठरलंय ते असं: या ऑक्टोबरात मिरिओस्टिग्मा आणि जिम्नोकॅलिशियमची पेरणी. ती तयार होईपर्यंत हॉवर्थिया आणि मॅमिलारियाची पिल्लं विकायची, तीही पुण्यातच. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात या वर्षी फक्त फिरून भाव आणि नावं लिहून आणणार. एकच विचारायचं राहिलं, हॉवर्थियाचं पिल्लू नेमकं कधी वेगळं करायचं? माझी काही पिल्लं मुळांशिवायच हातात येतात.

यवतकर

आईच्या निदान एकतृतीयांश झालं की. कुंडी उपटून माती झटका आणि पाहा, पिल्लाला स्वतःची दोन-तीन जाडसर मुळं असतील तरच तोडा, नाहीतर तसंच परत लावा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर हे काम करा, हॉवर्थियाची वाढ गारव्यात चांगली होते. तोडल्यावर दोन-तीन दिवस सावलीत जखम सुकू द्या, कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आठवड्याने. मुळांशिवाय आलेली टाकू नका. कोरड्या विटांच्या चुऱ्यावर नुसती टेकवून ठेवा, मुळं फुटली की लावा. विक्रीला मात्र नवीन पान निघाल्यावरच ठेवा, त्याआधी नाही.